तिघांत तिसरा

ताई, नमस्कार.

मी ५१ वर्षांचा. मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे पुण्यात. गेली सहा वर्षं आम्ही पाच जण दर रविवारी एकत्र धावतो. त्यातला मन्या आणि मी साताऱ्यात एकाच वाड्यात वाढलो. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. धावतो माझ्यापेक्षा जोरात, आणि ते मला विसरू देत नाही. मीही त्याला सोडत नाही. धावून झालं की चहा-पोहे आणि एकमेकांची सालटी काढणं, हा आमचा खरा रविवार.

फेब्रुवारीत आम्ही एका छोट्या शर्यतीत दहा किलोमीटर धावलो. पन्नाशीच्या वरच्या गटात मला तिसरा क्रमांक मिळाला. आयुष्यातली पहिली ट्रॉफी. मी घरी पोचेपर्यंत मन्याने निकालाची अख्खी यादी शोधून ग्रुपवर टाकली होती. माझ्या गटात नावं पाच जणांनी दिली होती, धावायला आले तीन. त्या दिवसापासून ग्रुपचं नाव 'तिघांत तिसरा'. मीही हसलो. त्या रविवारची मिसळही मीच दिली.

मेमध्ये साताऱ्याला भाच्याची मुंज होती. ट्रॉफी मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना दिली होती. ते ७९ वर्षांचे आहेत. काचेच्या कपाटात ठेवून येईल त्याला दाखवायचे. पंगतीत मन्या मोठ्याने म्हणाला, "अण्णा, तुमचे चिरंजीव तिघांत तिसरे आलेत बरं का. चौथा असता तर चौथे आले असते." सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. नंतर हळूच मला म्हणाले, "म्हणजे तिघंच होते का रे?"

तेव्हापासून पाच रविवार मी टोळीत गेलेलो नाही. एकटा धावतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन सात आठवड्यांवर आली आहे, आम्ही दोघांनी नाव दिलंय. मन्या दर वर्षी घाट चढताना सुसाट सुटतो, उतरताना पायात गोळे येऊन चालतो, आणि तरी माझ्या आधी पोचतो. यंदा गुपचूप तयारी करून त्याला असा मागे टाकायचा की तोंड बंद व्हावं, असं ठरवलंय. एवढ्याशा थट्टेचा एवढा राग येणं बरोबर आहे का? गुपचूप तयारी करण्यात काही चूक आहे का? आणि तिघांत तिसरा येणं याला जिंकणं म्हणायचं का?

तिघांत तिसरा, पुणे

ता. क. त्या दिवशी माझी वेळ ५४ मिनिटं १२ सेकंद होती. आजवरची सगळ्यात चांगली. मन्या ५० मिनिटांत आला.

*

तिघांतले तिसरे, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या बाजूने मन्यावर चिडले. दुसऱ्यांदा सहीपाशी थांबले. ज्या नावाने चिडवलं म्हणून तुम्ही पाच रविवार टोळीला तोंड दाखवलं नाहीत, तेच नाव स्वतःच्या हाताने सहीच्या जागी लिहिलंत. 'एक वाचक' लिहिता आलं असतं. तेव्हा त्या नावाशी तुमचं भांडण नाही, एवढं माझ्या लक्षात आलं.

आणि ता. क.! मुख्य गोष्ट ता. क.मध्ये घालायची आपली जुनी रीत. आत्याबाईंचं चार पानी पत्र यायचं, त्यात पावसाची आणि पापडांची हकिकत, आणि खाली बारीक अक्षरात 'ता. क. चिंगीचं लग्न ठरलं'. तुम्ही तेच केलंत. आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या धावण्याला एवढीशी जागा, आणि त्यातलीही अर्धी मन्याला देऊन टाकलीत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. तिसरा क्रमांक खरा आहे. बक्षीस आलेल्यांना मिळतं, न आलेल्यांना मिळत नाही. तुमच्या गटातले दोघे नाव देऊन अंथरुणात राहिले, यात तुमचा काय दोष? २०१८ सालच्या बोस्टन मॅरेथॉनला कडाक्याची थंडी, पाऊस आणि समोरून वारा होता. मोठमोठे नावाजलेले धावपटू वाटेतच सोडून गेले. जिंकला कोण, तर युकी कावाउची. जपानमधल्या सायतामा प्रांतातल्या एका सरकारी शाळेच्या कार्यालयात नोकरी करून सरावाला वेळ काढणारा गडी. २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद. 'बाकीचे गळाले म्हणून जिंकलास' असं त्याला कोणी म्हटलं असेलही, पण ट्रॉफी परत मागितली नाही.

आणि तिसऱ्या क्रमांकाचंच म्हणाल तर तो सुरुवातीपासून भानगडीचा आहे. १८९६ साली अथेन्सला पहिल्या ऑलिंपिकची मॅरेथॉन झाली. सुटले सतराच जण. जिंकला ग्रीसचा स्पिरिदोन लुईस, तिसरा आला ग्रीसचाच स्पिरिदोन बेलोकास. चौथा आलेला हंगेरीचा केलनर तक्रार घेऊन उभा राहिला, की हा बाबा वाटेत घोडागाडीत बसला होता. ते खरं निघालं आणि तिसरा क्रमांक केलनरला मिळाला. तुमच्या शर्यतीत कोणी रिक्षा केली नव्हती ना? मग झालं तर.

दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सला आपल्याकडून दर वर्षी बरेच जण जातात, तुमच्या ओळखीतही एखादा असेल आणि त्याने तुम्हाला तिथलं पदक दाखवून झालं असेल. साधारण नव्वद किलोमीटरची ती शर्यत २४ मे १९२१ ला पहिल्यांदा झाली तेव्हा सुरुवातीला उभे होते ३४ जण, पोचले १६. बिल रोवन पहिला आला, ८ तास ५९ मिनिटांत. आज तिथे नऊ तासांच्या आत येणाऱ्यांना त्याच्या नावाचं पदक मिळतं. चौतिसातला पहिला म्हणून त्याला कोणी हिणवत नाही. त्याहून मला आवडतं ते वेगळंच. ही शर्यत ज्याने सुरू केली त्या विक क्लॅपमच्या नावाचंही पदक आहे आणि ते कोणाला, तर शेवटच्या तासात, बारा तासांची वेळ संपत आलेली असताना धापा टाकत पोचणाऱ्यांना. मी धावते त्या वेगाने ते पदकही हुकेल, पण कल्पना छान आहे.

आता थट्टेकडे येते. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही, ती म्हणजे तुम्ही मन्याला कशावरून चिडवता. 'मीही त्याला सोडत नाही' एवढं एका वाक्यात उरकलंत. पायात गोळे येतात त्यावरून असणार. चार हजारांचे बूट घेऊन शेवटी चालतो त्यावरून असणार. मला राग नाही, उलट बरं वाटलं. तुमची टोळी जिवंत आहे.

मुंबई मॅरेथॉनला तुम्ही गेला असाल. आपल्यासारख्या हौशी लोकांना पहाटे अंधारात आधी सोडतात, खरे धावपटू मागाहून सुटतात. आपण पेडर रोडच्या चढावर मीठ लावलेलं संत्रं चोखत जिवाशी झगडत असतो आणि आपल्यापेक्षा दोन-अडीच तास उशिरा निघालेले ते शिडशिडीत लोक शेजारून असे निघून जातात, जणू त्यांच्यासाठी रस्ता वेगळा आहे. ते पाहिल्यावर 'जिंकणं' हा शब्द आपल्यासाठी नाही, हे कोणालाही कळतं. पण हौस तर असते. चाळीस-पन्नास वर्षांच्या माणसाला, घरी हप्ते आणि ऑफिसात साहेब असलेल्या माणसाला, कुणाला तरी हरवावं असं वाटतंच, फक्त ते तोंडाने म्हणायची लाज वाटते. म्हणून आपण एक मन्या निवडतो. सगळ्या गर्दीतला एकच माणूस, साधारण आपल्याच ताकदीचा, थोडा पुढचा. त्याला हरवलं की जग जिंकलं. आणि ही हौस उघडी पडू नये म्हणून तिच्यावर थट्टेचं पांघरूण.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला जाता त्या दिवशीची संभाषणं आठवा. एकाचा गुडघा दुखत असतो. एकाला सर्दी. एकाचं ऑडिट चालू असल्याने 'यंदा लाँग रन झालेच नाहीत रे'. एक जण 'मी फक्त मजेत, फोटो काढत' धावणार असतो. आणि ज्याने सगळ्यात जास्त रड गायली तोच दुसऱ्या दिवशी पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सगळ्यात चांगली वेळ, करून येतो. उलट 'यंदा दोन तासांच्या आत म्हणजे आतच' असं चहाच्या टपरीवर सांगणारा सोळाव्या किलोमीटरला बाजूच्या दगडावर बसलेला दिसतो. हे सगळ्यांना माहीत असतं. कोणी कोणाच्या गुडघ्यावर विश्वास ठेवत नाही. 'कसा आहे गुडघा?' याचा अर्थ 'यंदा मला मागे टाकायचा विचार आहे वाटतं', आणि 'बघू, जमेल तसं' याचा अर्थ 'हो'.

माझीही एक मन्या आहे. निवृत्त शिक्षिका, निळी टोपी. चार वर्षं मी त्या टोपीची पाठ बघत धावले. एकदाच तिच्या आधी पोचले आणि आठवडाभर फुशारकी मारली. तिने शांतपणे ऐकून घेतलं, आणि आठव्या दिवशी सांगितलं की त्या दिवशी अंगात ताप होता. आठ दिवस थांबली हो ती! असा सूड मला सात जन्मांत जमणार नाही.

तर 'तिघांत तिसरा' ही थट्टा मुळात उत्तम आहे. टोळीत ती म्हटली जाते तेव्हा तिचा दुसरा अर्धा भाग कोणी बोलत नाही, पण पाचही जणांना ऐकू येतो. 'तिघांत तिसरा, पण लेका ५४ मिनिटांत आलास.' 'तिघांत तिसरा, पण साडेतीनला उठून आलास.' ५४ म्हणजे काय, हे ज्याने स्वतः दहा किलोमीटर धावून पाहिलंय त्यालाच कळतं. म्हणून तुम्ही हसू शकलात आणि वर मिसळही दिलीत.

मुंजीच्या पंगतीत तेच वाक्य अण्णांपर्यंत अर्धंच पोचलं. न बोललेला भाग ऐकायचे कान त्यांच्याकडे नाहीत, आणि का असावेत? त्यांच्या हाती उरला तो नुसता आकडा. अण्णा साताऱ्याचे आहेत, त्यांना ललिता बाबर ठाऊक असणार, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत ती दहावी आली. दहावी! पण जिल्ह्यात कोणी 'दहावीच का' असं विचारलं नाही, कारण ती कोणांमध्ये दहावी आली हे प्रत्येकाला माहीत होतं. तुमच्याबद्दल अण्णांना फक्त 'तिसरा' माहीत होतं. मग त्यात 'तिघांत' जोडलं गेलं. बाकी कोणी काही सांगितलंच नाही. तुम्हीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत, तेही पत्रात नाही. मला वाटतं, 'हो' म्हणून पानावरून उठलात.

तेव्हा राग येणं बरोबर आहे का, याचं माझं उत्तर असं: राग बरोबर आहे, पण तो थट्टेचा नाही. घरातली गोष्ट अंगणात आणल्याचा आहे. त्या बाबतीत मन्या चुकला. बिनशर्त चुकला.

पण का चुकला असेल? हा माझा नुसता अंदाज आहे, चुकीचाही असेल. मन्या ४९ चा. तुमच्या आधी चार मिनिटं पोचला, पण धावला पन्नाशीखालच्या गटात, पस्तिशीतल्या पोरांबरोबर, आणि हात हलवत घरी गेला. तुम्ही त्याच्या मागून आलात आणि ट्रॉफी घेऊन गेलात. हे एवढं तर कोणालाही बोचेल. वर ती ट्रॉफी गेली अण्णांच्या कपाटात. तुम्ही एका वाड्यात वाढलात म्हणता, म्हणजे त्यानेही लहानपणी अण्णांच्या हातचा धपाटा आणि अण्णांनी आणलेला कंदी पेढा खाल्लाच असणार. त्या कपाटात त्याचं काही नाही. जोरात तो धावतो आणि कौतुक तुमचं होतं. अशा वेळी माणूस थट्टा करत नाही, थट्टेच्या आडून तक्रार करतो, आणि ती तक्रार कोणाकडे करायची, हेही त्याने बरोबर निवडलं.

(एक आनंदाची बातमी तुम्हाला देऊन ठेवते. मन्या लवकरच पन्नाशीचा होतोय. धावणाऱ्यांच्या जगात पन्नासाव्या, साठाव्या वाढदिवसाची वाट बघणारी माणसं भेटतात ती गट बदलतो म्हणूनच. तो तुमच्या गटात आला की पुढच्या फेब्रुवारीत तुम्ही चौघांत चौथे.)

आता गुपचूप तयारी. नीतीच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. सगळेच करतात, वर सांगितलंच. माझी हरकत दुसरी आहे. आधी हिशेब करू. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याचं एक सूत्र धावणारे वापरतात: एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्या अंतराची वेळ काढायची, अंतर जितक्या पट वाढतं त्याचा १.०६ वा घात घ्यायचा. दहावरून एकवीस किलोमीटरला, म्हणजे हाफ मॅरेथॉनला, वेळ साधारण २.२ पट होते. म्हणजे सपाटीवर तुमचे जवळपास दोन तास, मन्याचे एक तास पन्नास. नऊ-दहा मिनिटांचा फरक. सात आठवड्यांत, एकावन्नाव्या वर्षी, रागाच्या भरात तुम्ही नऊ मिनिटं कापणार नाही. पिंडरी धराल, टाच धराल, आणि शर्यतीच्या दिवशी टेबलामागे उभे राहून मन्याच्या गळ्यात पदक घालाल.

दुसरं असं की तुम्ही एकटे धावायला लागलात आणि तुमचा सगळ्यात चांगला पेसर, म्हणजे वेग ठरवून देणारा, गमावलात. तो म्हणजे गप्पा. लांबचं धावणं सावकाश करायचं असतं, आणि सावकाश म्हणजे किती, याची सोपी खूण ही की पूर्ण वाक्यं बोलता आली पाहिजेत. थट्टेला तर पूर्ण वाक्य लागतं, आणि शिवाय हसायला जादा श्वास लागतो. टोळीत तुम्ही सहा वर्षं आपोआप बरोबर वेगाने धावलात, कारण धाप लागली तर टोमणा मारता येत नाही. एकटा माणूस, त्यातून चिडलेला, रोजच जोरात धावतो. गेल्या पाच रविवारचा पेस घड्याळात काढून बघा. तुमचं सोपं धावणं प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त वेगात झालेलं दिसेल. आणि एखाद्या सकाळी पाय जड वाटत असतील, तर ते पावसाळी हवेमुळे नव्हे.

पण तुमच्या हाती एक पान आहे, आणि ते तुम्ही स्वतःच पत्रात लिहिलंय. मन्या घाटात सुसाट सुटतो आणि उतारावर चालतो. साताऱ्याची शर्यत तुमच्या घरचीच, तिचा रस्ता तुम्हाला मी काय सांगणार. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं. लोकांना भीती चढाची वाटते, पण पाय मोडतो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना अंगाचा भार पेलतात, आणि त्यानेच त्यांना बारीक बारीक इजा होतात. तिसऱ्या दिवशीही जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. गंमत अशी की आधी एकदा-दोनदा नेमका उतार धावून घेतला तर पुढचे काही आठवडे स्नायू तोच मार बराच सोसतात. मन्या हे करत नाही, लिहून देते. चढाचा सराव करायला सगळे जातात, वर पोचले की फोटो काढून गाडीत बसून खाली येतात.

तेव्हा तुम्ही दर दहा-बारा दिवसांनी बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्याला भल्या पहाटे, वाहनं नसताना, चढ आरामात चढा आणि उतार मन लावून धावा. पावलं छोटी, अंग मागे टाकायचं नाही, टाच आपटत ब्रेक लावायचा नाही. शेवटचा असा सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपवा. शर्यतीत पहिले पाच किलोमीटर मन्याला जाऊ द्या, हाक मारून शुभेच्छाही द्या. मग खाली येताना बघा. तरी तोच पुढे पोचेल असं मला वाटतं. पण फरक नऊ मिनिटांचा न राहता दोन-तीन मिनिटांवर येईल, आणि मन्याला शेवटचे चार किलोमीटर मागे वळून बघावं लागेल. पूर्ण सहा वर्षांत त्याला ते एकदाही करावं लागलं नसेल.

पण हरवून त्याचं तोंड बंद होईल, ही आशा सोडा. तुम्ही घाटात त्याला मागे टाकलंत तर त्याला एवढंच कळेल की यंदा तुमचा सराव जास्त झाला. अण्णा हसले नाहीत, हे त्याला कळणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. ग्रुपवर नाही, फोनवर नाही, चहाच्या टपरीवर चौघांसमोर तर अजिबात नाही. या रविवारी टोळीत जा. ग्रुपचं नाव, पाच आठवडे कुठे होतास, साहेब रुसले होते का, हे सगळं होईल, ते होऊ द्या. सहाव्या-सातव्या किलोमीटरला बाकीचे जरा पुढे-मागे झाले की त्याच्या शेजारी धावत म्हणा, "मन्या, टोळीत मला काय म्हणायचं ते म्हण. अण्णांसमोर नको. त्या दिवशी ते हसले नाहीत, तू पाहिलं नाहीस." बास. शेजारी शेजारी धावताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि सातव्या किलोमीटरला लांबलचक खुलासे द्यायला दम नसतो. तो बहुतेक काहीच बोलणार नाही. थोडा वेळ दोघांच्या बुटांचा आवाज येईल. मग तो काही तरी फालतू विनोद करेल, आणि त्या विनोदावर तुम्ही हसायचं. पन्नाशीच्या पुरुषांची माफी अशीच येते, तिची पावती मागू नका.

आणि लगेच पुढच्या किलोमीटरला, सगळ्यांना ऐकू जाईल असं, जाहीर करा: "यंदा साताऱ्याला मी मन्याला हरवणार." गुडघ्याचं कारण नाही, ऑडिट नाही, मजेत धावणार वगैरे काही नाही. टोळीला धक्का बसेल. जिंकायचंय असं सरळ म्हणणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसतो. पैज मिसळीची लावू नका, ती तुम्ही तशीही दिलीच असती. पैज अशी लावा, की जो हरेल त्याने त्याच दुपारी अण्णांच्या समोर बसून दुसरा कसा धावला ते सांगायचं. खरं खरं, घाटातल्या प्रत्येक वळणासकट. मन्या हरला तर अण्णांना न ऐकू आलेला अर्धा भाग त्याच्या तोंडून ऐकू येईल. तुम्ही हरलात तर मन्याला अण्णांच्या पुढ्यात थोडं कौतुक मिळेल. तुमच्या लक्षात आलंच असेल की मला यातलं दुसरंही चालेल.

टोळीसाठी एक खेळ सुचवते, हिवाळ्यात करून बघा. पाचही जणांच्या दहा किलोमीटरच्या वेळा घ्या आणि सगळे सव्वासातला टपरीवर पोचतील अशा बेताने एकेकाला सोडा. ७८ मिनिटं लागणारा ५:५७ ला निघेल, ७० वाला ६:०५ ला, ६२ वाला ६:१३ ला, तुम्ही ६:२१ ला आणि मन्या सगळ्यात शेवटी, ६:२५ ला, एकटाच उभा राहून घड्याळ बघत. जो आपल्या नेहमीच्या वेळेपेक्षा बरा धावेल तो पहिला. यात टोळीतला सगळ्यात सावकाश माणूस जिंकू शकतो, आणि बहुधा जिंकतोच, कारण त्याने आपली वेळ चार मिनिटं वाढवून सांगितलेली असते. मग पुढचे सहा महिने त्यावरून भांडायला मोकळे.

राहता राहिले अण्णा. त्यांना आकडे समजावत बसू नका, चौपन्न मिनिटं आणि पीबी आणि वयोगट यातलं काही नको. शर्यतीच्या दिवशी त्यांना सकाळी बाहेर आणा. घाटात नको, पाऊस असतो, घसरतं. शेवटच्या किलोमीटरला, शहरात, कोणाच्या तरी ओट्यावर खुर्ची टाका, छत्री आणि थर्मास द्या, आणि भाच्याला शेजारी बसवा. तुम्ही पुढून गेलात की त्यांनी घरी जायचं नाही, एवढं बजावून ठेवा. तुमच्या मागून किती माणसं येतात ते दोघांनी मोजायचं. बोटं पुरणार नाहीत, भाच्याला वही घ्यायला सांगा.

त्या वहीत बऱ्याच खालच्या पानावर मीही असेन, निळ्या टोपीच्या मागे. पोचल्यावर मन्या तुमच्या आधी उभा असलाच, तर त्याला म्हणावं एक केळं बाजूला काढून ठेव. मी येईपर्यंत संपलेली असतात.

तुमची,
ताई